आवडणं वेगळं, नांदणं वेगळं : जपानच्या एका घरजावयाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

आज सुरुवात एका कबुलीने. माझ्या मेलबॉक्समध्ये सध्या एक ऑफर लेटर पडून आहे. जपानमधल्या फुकुओका शहरातल्या एका कंपनीचं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? हा पोरगा कॉलेजपासून एनिमे बघतोय, बीटेकच्या शेवटच्या वर्षापासून जपानी शिकतोय, एन थ्री पास झालाय. पुण्यात सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, तेच ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथे महिन्यातून एक चक्कर ठरलेली. याने तर उडी मारून हो म्हणायला पाहिजे.

मलाही तसंच वाटलं होतं. आनंदाची बातमी द्यायला आमच्या जपानीच्या बाईंना, म्हणजे सेन्सेईंना, फोन केला. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं आणि मग म्हणाल्या, "तुला जपान आवडतो हे मला माहितीये रे. पण तुला तिथे नांदायचंय का?"

नांदणं! हा शब्द मी फक्त लग्नाच्या घरातच ऐकला होता. मुलगी नांदायला गेली, सुखाने नांदतेय, नांदवत नाहीत. नांदायला जाणाऱ्याला घर "आवडलं" एवढं पुरत नाही. घरातल्या पहिल्या चहापासून ते रात्री कोण कुणाशी बोलत नाहीये इथपर्यंत सगळं आपलं मानून घ्यावं लागतं. उद्यानात आपण तिकीट काढतो, पूल, पाणी, दगड बघतो, फोटो काढतो आणि बाहेर येऊन मिसळ खातो. ते आवडणं. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, फक्त एक नाहीत.

त्या रात्री मला एक जुना माणूस आठवला. ज्याने जपानवर जीव लावला आणि मग खरोखरच तिथला घरजावई झाला. गंमत म्हणून नाही म्हणत, कायद्याने झाला. आजची गोष्ट त्याची.

कुणाचाच नसलेला मुलगा

त्याचं नाव लाफ्काडियो हर्न. जन्म २७ जून १८५०, ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर. बेटावरूनच नाव पडलं. आई रोझा, ग्रीक. वडील आयरिश, ब्रिटिश सैन्यात डॉक्टर. दोन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन डब्लिनला, सासरी आली. थंड हवा, परकी भाषा, परका धर्म, नवरा नोकरीवर दूर. रोझा तिथे नांदू शकली नाही. ती ग्रीसला परत गेली आणि या मुलाने आईला पुन्हा कधीच पाहिलं नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं, ते नव्या कुटुंबासोबत नोकरीसाठी हिंदुस्थानात आले आणि १८६६ मध्ये परतीच्या प्रवासात सुएझच्या आखातात वारले. मुलाला सांभाळलं वडिलांच्या मावशीने. १६ व्या वर्षी शाळेत खेळताना डाव्या डोळ्याला मार लागला आणि तो डोळा गेला. पुढे आयुष्यभर फोटोत तो चेहऱ्याची डावी बाजू लपवत राहिला.

१९ व्या वर्षी त्याला अमेरिकेत सिनसिनाटीला पाठवून दिलं गेलं, जवळजवळ रिकाम्या हाताने. तिथे उपाशी राहत, मिळेल तिथे झोपत तो पत्रकार झाला. १८७४ मध्ये त्याने ॲलेथिया फॉली नावाच्या, गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीशी लग्न केलं. गोऱ्या-काळ्यांचं लग्न ओहायो राज्यात तेव्हा बेकायदेशीर होतं. त्याची नोकरी गेली आणि लग्नही टिकलं नाही. मग न्यू ऑर्लिन्सला दहा वर्षं. तिथल्या क्रिओल लोकांच्या म्हणी आणि पाककृती त्याने गोळा केल्या, १८८५ मध्ये दोन्हींची पुस्तकं आली. मग कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर दोन वर्षं.

पॅटर्न दिसला? जिथे जाईल तिथे परक्यांच्या प्रेमात पडायचं, त्यांच्याबद्दल सुंदर लिहायचं आणि मग पुढे निघायचं. आजच्या भाषेत हा ट्रॅव्हल व्लॉगर होता. फक्त त्याला परत जायला घर नव्हतं.

मात्सुए : मधुचंद्र

एप्रिल १८९० मध्ये तो जपानच्या योकोहामा बंदरात उतरला. वय ३९. एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला आला होता, पण त्यांच्याशी थोड्याच दिवसांत बिनसलं. पैसे संपत आलेले. तेव्हा त्याच्या मदतीला धावून आला बेसिल हॉल चेंबरलेन. हे नाव लक्षात ठेवा. इंग्रज विद्वान, १८७३ पासून जपानमध्ये, टोकियोच्या विद्यापीठात प्राध्यापक. 'कोजिकी' या जपानच्या प्राचीन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करणारा माणूस. त्याच्या ओळखीने हर्नला मात्सुए नावाच्या गावात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. पगार महिना १०० येन, त्या काळात भरपूर.

मात्सुए म्हणजे जुन्या इझुमो प्रांतातलं, तळ्याकाठचं किल्ल्याचं गाव. रेल्वे अजून पोचलेली नाही. सकाळी भात कांडणाऱ्या मुसळाचा आवाज, देवळाची घंटा, फेरीवाल्यांच्या हाका, उगवत्या सूर्याकडे तोंड करून टाळ्या वाजवून नमस्कार करणारी माणसं, पुलावरून जाणाऱ्या लाकडी खडावांचा खडखडाट. एकाच डोळ्याने, तोही अधू, बघणारा हा माणूस कानाने गाव पीत होता. इझुमोच्या प्राचीन देवळात आतपर्यंत प्रवेश मिळालेला तो पहिला युरोपियन समजला जातो.

तिथला पहिला हिवाळा त्याला झेपला नाही, आजारी पडला. घर सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून १८९१ च्या सुरुवातीला सेत्सु कोइझुमी त्याच्या घरी आली. वय २३. सामुराई घराण्यातली मुलगी. पण मेजी क्रांतीनंतर सामुराईंची वतनं गेली आणि घराणी कफल्लक झाली. तिचं एक लग्न आधी मोडलं होतं. तो पहिला नवरा तिच्या दत्तक घरी घरजावई म्हणून आला आणि घरची गरिबी बघून ओसाकाला पळून गेला! तर अशी दोन जळालेली माणसं एका छपराखाली आली आणि संसार सुरू झाला.

इथपर्यंतचा हर्न म्हणजे आपण सगळे आहोत. पहिला एनिमे, पहिलं के-पॉप गाणं, पहिली युरोप ट्रिप. सगळं सुंदर, सगळं शुद्ध, आणि "आपल्याकडे असं काही नाही".

कुमामोतो : कचऱ्याचे दिवस

नोव्हेंबर १८९१ मध्ये तो दक्षिणेला कुमामोतोला गेला. पगार दुप्पट, २०० येन. पण गाव लष्करी छावणीचं, १८७७ च्या बंडात जळून पुन्हा बांधलेलं. सहकारी शिक्षक त्याच्याशी फार बोलत नसत. जपान जोरात आधुनिक होत होता. सूट-बूट, कारखाने, रेल्वे. हर्नला हे सगळं नकोसं वाटायचं. चेंबरलेनला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत एका महिन्यात जपान स्वर्ग असतो आणि पुढच्या महिन्यात वैताग.

इथे मला माझी गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला क्लायंटकडे सहा आठवडे ऑनसाइट पाठवलं होतं. मी मनात जपानचा एक फोटो घेऊन गेलो होतो. खरी ओळख झाली कचऱ्यामुळे. जळणारा कचरा या दिवशी, प्लास्टिक त्या दिवशी, बाटल्यांची झाकणं वेगळी. तिसऱ्या दिवशी माझी पिशवी स्टिकर लावून तशीच ठेवलेली सापडली. शेजारच्या आजी आल्या आणि एक शब्द न रागावता माझ्यासमोर पिशवी उघडून एकेक वस्तू वेगळी करून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसमध्ये मी काहीही बोललो की लोक म्हणायचे, "निहोंगो जोझु देस ने", म्हणजे तुमचं जपानी छान आहे हं. पहिल्या आठवड्यात मी खूश व्हायचो. मग कळलं, "कोन्निचिवा" एवढंच म्हटलं तरी हेच म्हणतात. पाहुण्याचं कौतुक होतं ते. घरच्या माणसाला कुणी "छान जेवतोस हं" म्हणतं का?

हर्नची अडचण मला तेव्हा कळली. ज्याला फक्त आवडतं, त्याला तो देश फोटोतल्यासारखाच राहायला हवा असतो. पण तिथल्या माणसांना रेल्वे हवी असते, पगारवाढ हवी असते.

घरजावयाचा कायदा

नोव्हेंबर १८९३ मध्ये त्यांना मुलगा झाला, काझुओ. आणि प्रश्न एकदम कागदावर आला. जपानचा १८७३ चा हुकूम असा होता की परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या जपानी बाईचं जपानीपण संपतं. म्हणजे लग्नाची रीतसर नोंद केली तर सेत्सु आणि मुलगा ब्रिटिश होणार. ज्या देशाची भाषाही तिला येत नाही, त्या देशाची ती प्रजा. नोंद नाही केली, तर उद्या हर्नला काही झाल्यावर बायको-मुलाचा त्याच्या कमाईवर हक्क काय?

तिसरा रस्ता त्याच हुकमात होता. परदेशी पुरुषाला जपानी घराण्याने 'मुकोयोशी' म्हणून घेतलं, तर तो जपानी होतो. मुकोयोशी म्हणजे जावईही आणि दत्तक मुलगाही. तो बायकोच्या घराचं आडनाव लावतो, तिच्या घराच्या नोंदवहीत जातो, तिचे पितर त्याचे पितर होतात. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक हसतात, जपानमध्ये मात्र घराणं चालवायची ही चांगली रुळलेली रीत होती.

पण किंमत मोठी होती. तेव्हाच्या तहांप्रमाणे ब्रिटिश माणसाला जपानमध्ये जपानी कोर्ट हात लावू शकत नसे, त्याचा खटला ब्रिटिश कोर्टापुढे चाले. हे कवच १८९९ पर्यंत होतं. हर्न ते स्वतःहून टाकणार होता. शिवाय परदेशी शिक्षकांना जपानी शिक्षकांच्या कितीतरी पट पगार मिळायचा. जपानी झालो तर पगारही जपानी होईल, ही भीती त्याला होतीच. आणि खाणारी तोंडं फक्त तीन नव्हती, सेत्सुचे आईवडील, दत्तक घरची माणसं, सगळे त्याच्या जिवावर होते.

महिनोन्महिने अर्ज फिरले. फेब्रुवारी १८९६ मध्ये मंजुरी आली. लाफ्काडियो हर्न कागदावरून गेला आणि कोइझुमी याकुमो आला. याकुमो म्हणजे आठ ढग, इझुमो प्रांताशी जोडलेला, 'कोजिकी'मधल्या अतिप्राचीन कवितेतला शब्द.

इथे थांबून बघा. मात्सुएच्या त्या सोनेरी दिवसांत, जेव्हा जपान त्याला सगळ्यात जास्त आवडत होता, तेव्हा तो जपानी झाला नाही. जपानवरचा त्याचा मधुचंद्र संपल्यावर झाला. संस्कृतीसाठी नव्हे, सेत्सु आणि काझुओसाठी झाला. मला वाटतं, आवडणं आपण एखाद्या संस्कृतीवर करू शकतो. नांदता मात्र येतं ते माणसांबरोबरच.

दोघांची भाषा

आता सगळ्यात मजेची गोष्ट. या जपानी नागरिकाला जपानी नीट वाचता येत नव्हतं! काताकाना लिपी आणि थोडी चित्राक्षरं, बस. घरात तो आणि सेत्सु एक मोडकीतोडकी भाषा बोलायचे, क्रियापदांचे हातपाय तोडलेली. घरात तिला 'हर्न-सानची बोली' म्हणत. सेत्सुनेही इंग्रजी शिकायचा प्रयत्न केला, इंग्रजी शब्द काताकानात लिहिलेली तिची वही आजही आहे.

आणि याच मोडक्या भाषेतून 'क्वाइदान' जन्माला आलं, १९०४ चं भुताखेतांच्या गोष्टींचं पुस्तक. सेत्सु जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून गोष्टी शोधून आणायची. रात्री दिवा बारीक करून सांगायची. तो तिला पुस्तक हातात धरू द्यायचा नाही, तुझ्या शब्दांत सांग, म्हणायचा. 'कान नसलेला होइची' ही आंधळ्या वादकाची गोष्ट लिहीत असतानाचा प्रसंग तिने आठवणींत लिहिलाय. संध्याकाळी अंधार झाला तरी त्याने दिवा लावला नाही. तिने शेजारच्या खोलीतून हाक मारली, "होइची!" आतून उत्तर आलं, मी आंधळा आहे, आपण कोण?

या गोष्टी इंग्रजीत गेल्या आणि अनुवाद होऊन परत जपानीत आल्या. कितीतरी जपानी मुलांना आपल्याच देशाची भुतं अशी परदेशी रस्त्याने भेटली. १९६५ मध्ये याच गोष्टींवरच्या मासाकी कोबायाशीच्या सिनेमाला कान महोत्सवात बक्षीस मिळालं. आणि २०२५ मध्ये एनएचकेने सकाळची मालिका काढली ती सेत्सुच्या आयुष्यावर बेतून. हर्न तिथे नवऱ्याच्या भूमिकेत!

चेंबरलेन बरोबर होता का?

चेंबरलेनने नंतर मित्राबद्दल कडक लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की हर्नला बारकावे फार स्पष्ट दिसले पण जपान अख्खा कधी कळला नाही, तो स्वप्नातल्या जपानच्या मागे होता. खरं सांगू? यात तथ्य आहे. हर्नचा जपान पुष्कळदा गोड, जुना आणि निवडक आहे. चेंबरलेनला भाषा येत होती, व्याकरण येत होतं, ग्रंथ येत होते. त्याने जपान अभ्यासला आणि १९११ मध्ये युरोपात परत जाऊन जिनिव्हात स्थायिक झाला. त्यात काहीही चूक नाही. प्रत्येकाने घरजावई व्हायलाच पाहिजे असं थोडंच आहे? चांगला पाहुणा असणं हीसुद्धा एक इज्जतीची गोष्ट आहे.

पण एक प्रसंग मला सोडत नाही. टोकियोत हर्नच्या घराजवळ एक जुनं देऊळ होतं, कोबुदेरा. तिथल्या उंच देवदारांखाली तो रोज फिरायचा. एक दिवस तीन झाडं तोडलेली दिसली. देवळाला पैशांची गरज होती. तो इतका हळहळला की म्हणाला, मला सांगितलं असतं तर मीच पैसे दिले असते. पुढे त्याला तिथे राहवेना, घर बदललं.

हा पाहुण्याचा हट्ट होता की शेजाऱ्याचं दुःख? मला वाटतं, दोन्ही. नांदायला लागलं म्हणून आतला पाहुणा मरत नाही.

आणि मग बाहेरचा रस्ता

१८९६ पासून तो टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत होता. विद्यार्थी त्याच्यावर जीव टाकायचे. पण आता सरकारला परदेशी शिक्षकांच्या जागी परदेशात शिकून आलेले आपले लोक हवे होते. १९०३ मध्ये त्याचं काम काढून घेतलं गेलं. विद्यार्थ्यांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. कागदावर तोही "आपला"च होता. कागदाने नागरिकत्व मिळतं, चेहरा तोच राहतो.

त्याची जागा ज्यांनी घेतली त्यातला एक होता नात्सुमे सोसेकी, पुढे जपानचा थोर कादंबरीकार झालेला. हा माणूस त्याच्या बरोब्बर उलटा. सरकारी शिष्यवृत्तीवर १९०० ते १९०२ लंडनला राहिला, इंग्रजी साहित्य कोळून प्यायला आणि तिथे आयुष्यातले सगळ्यात दुःखी दिवस काढले. एवढं वाचूनही हे साहित्य आपलं होत नाही, ही ठेच घेऊन परतला. गंमत म्हणजे कुमामोतोतल्या त्याच शाळेत हर्ननंतर सोसेकीनेही शिकवलं होतं. एक परका जपानमध्ये घर शोधत होता, एक जपानी इंग्रजीत. दोघं एकामागून एक त्याच वर्गांत उभे राहिले.

२६ सप्टेंबर १९०४ ला हर्न हृदयविकाराने गेला, ५४ व्या वर्षी. मागे सेत्सु, तीन मुलगे, एक मुलगी. आणि जपानी बायको-मुलं म्हणून त्यांचा त्याच्या मागे राहिलेल्या सगळ्यावर हक्क. ज्यासाठी नाव बदललं होतं ते काम झालं. टोकियोच्या झोशिगाया दफनभूमीत त्याची समाधी आहे, कोइझुमी याकुमो या नावाने. सोसेकीही त्याच दफनभूमीत आहे.

शुक्रवार

तर माझं काय? मी जपानी नागरिक व्हायला निघालेलो नाही. भारत आणि जपान, दोन्हीकडे दुहेरी पासपोर्ट चालत नाही, तो विषयच लांब आहे. पण हर्नची गोष्ट वाचताना एक गोष्ट टोचली. मार्टिनिकपर्यंतचा हर्न प्रत्येक वेळी कशाच्या तरी मागे जात होता, असं आपण म्हणतो. खरं तर तो प्रत्येक वेळी कशापासून तरी पळत होता. मी माझ्या जपान-प्रेमाकडे बघितलं. त्यातलं किती जपानवरचं प्रेम आहे आणि किती इथल्या ट्रॅफिकचा, नातेवाइकांच्या प्रश्नांचा, स्वतःचाच कंटाळा आहे? प्रामाणिकपणे सांगतो, निम्मं निम्मं.

आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तिकडे आजारी पडलास तर पेज कोण करून देईल रे?" मी हसलो. मग वाटलं, सेन्सेईंचा आणि आईचा प्रश्न एकच आहे. देश कसा आहे ते दोघींनीही विचारलं नाही. तिथे कोण आहे, हे विचारलं.

मला उत्तर माहीत नाही. पण कचरा वेगळा करून दाखवणाऱ्या त्या आजी आठवतात. त्यांनी "जपानी छान आहे हं" म्हटलं नाही. बाटलीचं झाकण काढून हातात दिलं आणि म्हणाल्या, हे मंगळवारी. सहा आठवड्यांत माझ्याशी पाहुण्यासारखं न वागलेलं ते एकच माणूस.

शुक्रवारी मी हो कळवणार आहे, बहुतेक. पण एनिमेसाठी नाही आणि जपानी व्हायलाही नाही. मंगळवारी झाकणं वेगळी काढायला तयार आहे, एवढ्याच बळावर. तिथे जमलं नाही तर परत येईन आणि उद्यानाचं तिकीट काढून आत जाईन. त्यातही कमीपणा नाही.

तुमच्यापैकी कुणी असं एखाद्या परक्या गावात, परराज्यात, परदेशात नांदायला गेला असाल, तर तुमच्याशी पहिल्यांदा पाहुण्यासारखं न वागलेलं माणूस कोण होतं, ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. पुढचा एपिसोड कुठून रेकॉर्ड होईल ते मात्र शुक्रवारनंतर कळेल. भेटूच!